आगामेम्नॉनच्या वाड्यापाशीं

अथेन्स शहर पाहून झालें म्हणजे बहुतेक प्रवासी आगबोटीनें बेटांकडे वळतात. आम्हीं मात्र पश्चिमेची वाट धरली. मायसीनी हें प्राचीन राजधानीचें ठिकाण तेथून सुमारें १२० किलोमीटरांवर आहे. वाटेंत कोरिंथचा कालवा लागतो. १८९३ सालीं खुला झालेला हा कालवा सहा किलोमीटरांहून थोडा अधिक लांब असून उभ्या ताशीव कड्यांमधून एखाद्या रेघेसारखा सरळ गेला आहे. पुलावरून खालीं पाहिलें म्हणजे डोळे फिरतात. कालवा ओलांडला कीं पेलोपोनीस प्रांत सुरू होतो, आणि कांहीं वेळानें डोंगर मागें सरून आर्गोसचें मैदान समोर पसरतें. दोन्ही बाजूंस संत्र्यांच्या बागा, त्यांच्या कडेनें ऑलिव्हचीं करड्या पानांचीं झाडें, आणि दूर दक्षिणेस समुद्राचा एक निळा पट्टा, असें तें दृश्य आहे.

मायसीनीस जाण्याची आमची इच्छा जुनी असली, तरी तिला निश्चित रूप आलें तें दोन चित्रपटांमुळें. मायकेल काकोयानिस या दिग्दर्शकानें युरिपिडीसच्या दोन शोकांत नाटकांवरून १९६२ सालीं ‘इलेक्ट्रा’ व १९७७ सालीं ‘इफिजिनिया’ असे दोन चित्रपट काढले. पुराणवस्तूंचा अभ्यास हा आमचा विषय नव्हे. ज्या घराण्याची ही कथा, त्याची भूमि डोळ्यांनीं पाहावी, आणि अडीच हजार वर्षांपूर्वीची शोकांतिका पडद्यावर आली म्हणजे तिचें काय होतें याचा विचार त्याच जागीं उभें राहून करावा, एवढाच आमचा हेतु होता.

ज्या वाचकांस ही कथा ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं ती थोडक्यांत सांगतों. आगामेम्नॉन हा मायसीनीचा राजा. त्याच्या भावाची बायको हेलन हिला ट्रॉयच्या राजपुत्रानें नेलें, म्हणून सारे ग्रीक राजे आपापलीं गलबतें घेऊन ऑलिस येथें जमले. पण वारा पडला आणि आरमार खोळंबलें. राजानें आपली वडील मुलगी इफिजिनिया आर्टेमिस देवीस बळी द्यावी, म्हणजे वारा सुटेल, असा कौल पुरोहितानें दिला. ‘तुझें लग्न ठरविलें आहे’ असा खोटा निरोप धाडून बापानें मुलीला आईसह बोलावून घेतलें. वारा सुटला. दहा वर्षांनीं ट्रॉय जिंकून राजा घरीं परतला, तेव्हां राणी क्लायटेम्नेस्ट्रा हिनें आपला प्रियकर ईजिस्थस याच्या साह्यानें त्यास ठार केलें. पुढें मुलगा ओरेस्टीस वयांत आल्यावर त्यानें व त्याची बहीण इलेक्ट्रा हिनें मिळून बापाचा सूड घेतला, म्हणजे जन्मदात्या आईस मारलें. एका घरांतील तीन हत्या, आणि प्रत्येक हत्येस पहिलीचा आधार!

मायसीनीचा गड फार उंच नाहीं. समुद्रसपाटीपासून त्याची उंची पावणेतीनशें मीटरांच्या आसपास असेल. पण दोन मोठ्या डोंगरांच्या मध्यें तो असा दडून बसला आहे कीं, जवळ येईपर्यंत तो दिसत नाहीं, आणि त्याच्यावरून मात्र सारें मैदान दिसतें. आम्ही गेलों तेव्हां वसंत ऋतु होता. पडक्या भिंतींच्या फटींतून तांबडीं रानफुलें वर आलीं होतीं. कोटाचे दगड इतके प्रचंड आहेत कीं, पुढील काळच्या ग्रीकांस तें माणसाचें काम वाटेना. एका डोळ्याच्या राक्षसांनीं हा कोट रचला, असें ते सांगत. आपल्याकडे डोंगरांतील लेणीं पांडवांनीं एका रात्रींत कोरलीं असें खेडोपाडीं सांगतात, त्यांतलाच हा प्रकार.

सिंहद्वार इ. स. पूर्वी १२५० च्या सुमाराचें आहे. दाराच्या कपाळपट्टीवर एक खांब, आणि त्याच्या दोहों बाजूंस पुढचे पाय उचलून उभे असलेले दोन सिंह कोरले आहेत. त्यांचीं मस्तकें आज नाहींत. धडें मात्र राखणीस उभीं आहेत. आंत शिरतांच उजव्या हातास थडग्यांचें वर्तुळ लागतें. येथें १८७६ सालीं हाइनरिख श्लीमान यानें खणून राजघराण्यांतील मृतांच्या तोंडांवर बसविलेले सोन्याचे मुखवटे बाहेर काढले. त्यांतील एकास आजही ‘आगामेम्नॉनचा मुखवटा’ म्हणतात व तो अथेन्सच्या पुराणवस्तु-संग्रहालयांत ठेवला आहे. वास्तविक तो इ. स. पूर्वी सोळाव्या शतकांतला, म्हणजे ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ मानतात त्याच्याहून तीनएकशें वर्षें जुना. तरीही लोकांनीं नांव सोडलें नाहीं. कथा बळकट असली म्हणजे ती वस्तूवर आपला हक्क सांगते, आणि इतिहासानें कितीही पुरावा दिला तरी तो हक्क सोडीत नाहीं.

गडाच्या माथ्यावर राजवाड्याचें फारसें कांहीं उरलेलें नाहीं. फरसबंदीचा थोडा भाग, मधल्या दालनांतील वर्तुळाकार अग्निकुंडाची खूण, आणि कमरेइतक्या भिंती. येथें आम्ही बराच वेळ थांबलों. ‘इलेक्ट्रा’ चित्रपटाचा आरंभ राजाच्या घरवापसीनें होतो आणि त्यांत एक शब्दही बोललेला नाहीं. राजा येतो, मुलें धांवतात, राणी सामोरी येते. मग स्नानगृह, जाळें आणि घाव. युरिपिडीसच्या नाटकांत हा प्रसंग नाहीं. तेथें पडदा उघडावा तसा एक गरीब शेतकरी पहांटे बोलूं लागतो आणि झालेली हकीकत सांगतो. राजकन्येच्या पोटीं सूड घेणारा निपजूं नये म्हणून ईजिस्थसनें तिचें लग्न याच्याशीं लावून दिलेलें असतें. नाटककारानें जें कानांस सांगितलें, तें दिग्दर्शकानें डोळ्यांस दाखविलें. पण तोंडास मात्र कुलूप घातलें. नाटकाच्या शब्दांत स्वतःचे शब्द मिसळावयाचे नाहींत, ही मर्यादा त्यानें येथें पाळलेली दिसते.

हा चित्रपट काळ्यापांढऱ्या रंगांत आहे आणि तो मायसीनी व आर्गोसच्या परिसरांतच घेतलेला आहे. वॉल्टर लॅसली हा त्याचा छायाचित्रकार. गडावरून खालीं पाहतांना आम्हांस तीच नांगरलेली जमीन, तींच दगडी कुंपणें दिसत होतीं. प्राचीन नाटकांतील ‘कोरस’ म्हणजे एकसुरांत बोलणारा व नाचणारा समूह. आजच्या प्रेक्षकास तो विचित्र वाटतो, आणि नव्या रूपांतरांत त्याचें काय करावें हा मोठाच प्रश्न असतो. काकोयानिसनें त्यास हातही लावला नाहीं असें म्हटलें तरी चालेल. त्यानें फक्त काळीं वस्त्रें नेसलेल्या, डोकीवरून काळा रुमाल घेतलेल्या खेड्यांतील बायका शेताच्या बांधावर उभ्या केल्या. ग्रीक खेड्यांत विधवा व वृद्ध स्त्रिया आजही अशा वेषांत दिसतात. शेजारणींचें दुःखाच्या घराभोंवतीं जमणें, एकीनें बोलणें व बाकींनीं मान हालविणें, हें आपल्या वाचकांस समजावून सांगावयास नको. जें पुस्तकांत कृत्रिम वाटत होतें, तें शेतांत उभें राहतांच स्वाभाविक झालें.

मायसीनीहून आम्ही मुक्कामास नाफ्प्लिओ या बंदराच्या गांवीं गेलों. अर्वाचीन ग्रीसची राजधानी १८३४ पर्यंत येथें होती. गांव टुमदार आहे, पण त्याचें वर्णन करण्याचें हें स्थळ नव्हे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं एपिडॉरसचें नाट्यगृह गांठलें.

डोंगराच्या कुशींत कोरलेल्या या दगडी नाट्यगृहांत पंचावन्न रांगा आहेत व बारा ते चौदा हजार माणसें तींत बसूं शकतात. इ. स. पूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीचें हें काम आहे. आम्ही अगदीं वरच्या रांगेंत जाऊन बसलों. खालीं वर्तुळाच्या मध्यभागीं कोणी प्रवाशानें कागद फाडला, तो आवाज आम्हांस स्पष्ट ऐकूं आला. परंतु त्या प्रवाशाचा चेहरा, तो हंसतो आहे कीं गंभीर आहे, हें कांहीं केल्या दिसेना. ग्रीक नट मुखवटे कां घालीत, तें त्या क्षणीं पटलें. हजारों लोकांपुढें उघड्या आकाशाखालीं मुखावरील सूक्ष्म विकारांचा उपयोग नव्हता. सारा भार वाणीवर होता. स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत. बालगंधर्वांची १९१९ सालच्या ‘एकच प्याला’ मधील सिंधू ज्यांच्या घरांत आजे-पणजांच्या तोंडून ऐकली गेली, त्यांस यांत नवल वाटूं नये.

येथें आपल्या परंपरेचीही आठवण झाली. नाट्यशास्त्रांत युद्ध, राज्यभ्रंश, मरण, नगराचा वेढा या गोष्टी अंकांत प्रत्यक्ष दाखवूं नयेत, त्या प्रवेशकांतून सुचवाव्या, असा नियम आहे. ‘ऊरुभंगां’तील दुर्योधनाचा मृत्यु हा त्यास प्रसिद्ध अपवाद. ग्रीकांचीही चाल बहुधा हीच होती. हत्या घरांत होई, बाहेर किंकाळी ऐकूं येई, आणि निरोप्या येऊन सारें सांगे. दोन दूरच्या देशांतील रंगभूमींस एकच गोष्ट कळली होती: मरण डोळ्यांपुढें आणलें म्हणजे प्रेक्षक रक्ताकडे पाहतो, आणि ज्यानें मारलें त्याच्या मनाकडे पाहावयाचें विसरतो. आपल्याकडे मात्र शोकान्त नाटकाची आवड इंग्रजी विद्येबरोबर आली. आगरकरांनीं १८८३ सालीं ‘हॅम्लेट’चें ‘विकारविलसित’ केलें, देवलांनीं पुढें ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. म्हणजे परकी शोकांतिका आपल्या घरांत आणतांना वेष बदलावा कीं ठेवावा, हा प्रश्न मराठी नाटककारांसही पडलेलाच होता.

वेष बदलण्याचा मार्गही ग्रीकांनीं वापरून पाहिला आहे. ज्या १९६२ सालीं ‘इलेक्ट्रा’ निघाला, त्याच वर्षीं ज्यूल्स डॅसिन यानें ‘हिपोलिटस’ या युरिपिडीसच्या नाटकावरून ‘फीड्रा’ काढला. सावत्र मुलावर जडलेल्या प्रेमाची ती कथा त्यानें आजच्या जहाजमालकांच्या श्रीमंत घरांत नेऊन ठेवली. मेलिना मर्कूरी ही नायिका. मूळ नाटकांत समुद्रांतून निघालेल्या बैलामुळें उधळलेला रथ, तो येथें वेगानें धांवणारी मोटार झाला. चित्रपट देखणा आहे. पण आमच्या मनांत राहिलें तें त्यांतील प्रेम नव्हे. बुडालेल्या जहाजाच्या खलाशांची यादी कळावी म्हणून कचेरींत ताटकळणाऱ्या काळ्या वस्त्रांतील बायका राहिल्या. कोरस येथेंही आपल्या पायांनीं चालत आला होता.

असो. आमच्या प्रवासाचें शेवटचें ठिकाण ऑलिस. त्यासाठीं अथेन्सला परत येऊन उत्तरेची वाट धरावी लागते. मुख्य भूमि व युबीआ बेट यांच्या मधली सामुद्रधुनी हाल्किस गांवापाशीं इतकी अरुंद आहे कीं ती एका लहान पुलानें ओलांडतां येते. तेथील प्रवाह दिवसांतून अनेक वेळां उलट फिरतो. पुलावर उभें राहिलें म्हणजे पाणी थबकून परत फिरतांना दिसतें. शोकांतिकेचें शास्त्र लिहिणारा अॅरिस्टॉटल इ. स. पूर्वी ३२२ सालीं याच गांवीं वारला. या पाण्याचें कोडें न सुटल्यामुळें त्यानें त्यांत उडी घेतली, अशी एक दंतकथा आहे. तिच्यांत तथ्य नाहीं. पण त्याच्या ग्रंथांत ऑलिसच्या इफिजिनियेविषयीं एक तक्रार आहे, ती खरी. आधीं जीवदानासाठीं विनवणी करणारी मुलगी आणि पुढें आनंदानें मरणास सामोरी जाणारी मुलगी, या दोघींत मेळ नाहीं, असें तो म्हणतो.

हाल्किसच्या दक्षिणेस कांहीं किलोमीटरांवर ऑलिसच्या आर्टेमिस देवीच्या देवळाचे चौथरे आहेत. १९४१ सालीं रस्त्याचें काम चालू असतां ते प्रथम सांपडले. गर्दी नाहीं, गाजावाजा नाहीं. चार दगडांच्या रांगा, गवत, आणि पलीकडे पाणी. जेथें एका मुलीच्या गळ्यावर सुरी ठेवल्याची कथा आहे, तेथें इतकी शांतता असावी याचें कांहीं वेळ वाईटही वाटलें.

युरिपिडीसचें हें नाटक त्याच्या मरणानंतर इ. स. पूर्वी ४०५ मध्यें रंगभूमीवर आलें. त्याचा शेवट आज जसा मिळतो त्यांत निरोप्या येऊन सांगतो कीं, सुरी चालतांच मुलगी अदृश्य झाली आणि वेदीवर हरिणी पडली. हा भाग मूळ कवीचा आहे कीं नाहीं याविषयीं पंडितांस पुष्कळ काळापासून शंका आहे. काकोयानिसनें तो वगळला. चित्रपटाच्या आरंभीं राजाचे सैनिक देवीची हरिणी मारतात आणि पुरोहिताच्या मनांत अढी बसते. पुढें मुलगी रानांत पळते व हरिणीसारखीच धरली जाते. अखेर ती पायऱ्या चढत धुरांत दिसेनाशी होते, वारा सुटतो, बाप धांवतो, आणि आपल्याला दिसतो तो फक्त त्याचा चेहरा. घाव दाखविलेला नाहीं. हजारों सैनिक, उन्हांत तापलेला किनारा, कामाविना माजलेली फौज हें सारें रंगभूमीस कधींच दाखवितां आलें नव्हतें. तें दिग्दर्शकानें भरपूर दाखविलें. मरण दाखविणें त्याच्या हातांत होतें, तें मात्र त्यानें झांकून ठेवलें. जुन्या नियमाचें मर्म ज्यास कळलें आहे त्याचेंच हें काम.

अॅरिस्टॉटलच्या तक्रारीचें उत्तरही या फौजेंत आहे. मुलीची भूमिका तातियाना पापामोस्कू या लहान वयाच्या मुलीनें केली आहे. तिच्या भोंवतीं तो जमाव पाहिला म्हणजे तिचा निश्चय हा आनंद नव्हे, तर सुटकेच्या साऱ्या वाटा बंद झाल्यावर उरलेला एकमेव मान आहे, हें कोणासही दिसतें. १९६७ ते १९७४ या काळांत ग्रीसवर लष्करी अधिकाऱ्यांची हुकुमशाही होती. दोन्ही चित्रपटांचे संगीतकार मिकिस थेओडोराकिस यांनीं त्या राजवटींत तुरुंगवास भोगला व त्यांच्या संगीतावर बंदी आली. ती राजवट कोसळल्यावर तीन वर्षांनीं निघालेल्या चित्रपटांत, स्वतःच्याच सैन्यास भिणारा सेनापति जिवंत वाटावा, हें स्वाभाविक आहे.

आतां या दोन चित्रपटांतील मुख्य गोष्टीकडे येतों. ‘इलेक्ट्रा’ नाटकाच्या शेवटीं दोन देव आकाशांतून येऊन निवाडा करतात. तेही काकोयानिसनें काढून टाकले. दोन्ही ठिकाणीं देव गेले, आणि माणसें उरलीं. देव होते तोंवर दोषाचा कांहीं भाग त्यांच्याकडे लोटतां येत होता. ते गेल्यावर बाप, आई, मुलगा, मुलगी हे एका घरांत समोरासमोर येतात, आणि प्रत्येकाजवळ सांगण्यासारखें कारण असतें.

त्यांत भर अशी कीं, ‘इलेक्ट्रा’मध्यें आईवर दांत खाणारी मुलगी झालेली आयरीन पापास हीच पंधरा वर्षांनीं ‘इफिजिनिया’मध्यें ती आई झाली आहे. २०२२ सालीं निवर्तलेल्या या थोर नटीचा चेहरा दोन्ही चित्रपटांत तोच आहे. तेच जाड काळे भुंवयांचे कमान, तीच न पाझरणारी नजर. एपिडॉरसच्या वरच्या रांगेंतून जें कधींच दिसलें नसतें, तें पडदा दाखवितो. पहिल्या चित्रपटांत ज्या बाईचा आपण तिरस्कार केला, तिचें हृदय कसें फुटलें तें दुसऱ्यांत त्याच चेहऱ्यावर पाहावें लागतें. आमच्या घरीं ‘इलेक्ट्रा’ पाहून तरुण मंडळी एकदम मुलीच्या बाजूची झाली, आणि वडील बायका गप्प राहिल्या. ‘इफिजिनिया’ पाहिल्यावर त्या बोलूं लागल्या. “हा आधीं दाखवायला हवा होता,” असें आमच्या आत्याबाई म्हणाल्या. कथेचा क्रम पाहतां तें बरोबर आहे. आमच्या मतें मात्र निघाले त्याच क्रमानें हे चित्रपट पाहावे. घरांत आपल्याला आधीं दिसतो तो परिणाम. जुनी अढी, न बोलणारीं दोन माणसें, दाराशीं येऊन परत गेलेला कोणी आप्त हें आपण लहानपणापासून पाहतों, त्यावरून मनाशीं निवाडाही करून टाकतों. कारण कळतें तें फार उशिरां, बहुधा आपण स्वतः त्या वयास पोंचल्यावर.

कारण कळल्यानें अपराध धुतला जातो असें नव्हे. युरिपिडीस तसें म्हणत नाहीं आणि काकोयानिसही म्हणत नाहीं. ‘इलेक्ट्रा’ नाटकांत राणी स्वतःची बाजू मांडते. मुलीचा बळी एक वेळ सोसला असता, पण नवऱ्यानें ट्रॉयहून दुसरी स्त्री घरीं आणली तें सोसवलें नाहीं, असें ती म्हणते. हें ऐकून मुलीचा सूड थांबत नाहीं. परंतु ऐकल्यानंतर झालेला सूड आणि न ऐकतां झालेला सूड यांत अंतर आहे. शोकांतिका त्या अंतरांत उभी असते. हत्या झाल्यावर भाऊ-बहीण जिंकल्यासारखीं उभीं राहत नाहींत, एकमेकांपासून दूर जातात.

‘इफिजिनिया’चें शेवटचें दृश्य राणीचें आहे. वारा सुटला आहे, आरमार निघालें आहे, ती परतीच्या वाटेवर आहे आणि उडणाऱ्या केसांआडून समुद्राकडे पाहते आहे. ऑलिसच्या चौथऱ्यावर आम्ही उभे होतों तेव्हां पाण्यावरून एक झुळूक आली. मायसीनीच्या त्या कमरेइतक्या भिंती, तें अग्निकुंड आणि तें मस्तकहीन सिंहांचें दार हें सारें या एका नजरेंत आधींच येऊन बसलें आहे, असें आम्हांस तेथें वाटलें.